चोराची कुजबुज

यंदा चोराची भूमिका मी शिष्याला दिली. आमच्या झाडीपट्टी रंगभूमीवर रात्री दहाला चढलेलं नाटक उजाडेपर्यंत उभं राहून ओढणं आता गुडघ्यांना झेपत नाही. नाटक माझंच. सालेकशाकडचा कोंबडीचोर पोलिसांच्या भीतीने दरेकशाला गाडीत बसतो आणि नागपूरच्या एका ले-आउटमध्ये भाड्याची खोली घेऊन लपतो. तिथे फाटकाला कुलूप, शेजाऱ्याला शेजारी ठाऊक नाही, आणि कोंबडी कापलेलीच पिशवीतून येते. त्याची सगळी विद्या वाया.

इथवर हसू आपोआप येतं. अडतं दुसऱ्या अंकात. मध्यरात्री तो बंगल्यात शिरतो, तर आत आधीच एक शहरी चोर. दोघांनी कुजबुजायला हवं. वर माईक टांगलेले, पुढ्यात ऑर्गन आणि तबला, प्रेक्षकांसाठी खणलेल्या खड्ड्यातली गर्दी पार मंडपाच्या कनातीपर्यंत. कुजबुजणार कसं? मी आयुष्यभर ओरडून कुजबुजलो. टाळ्या पडायच्या, पण चोराची भीती निघून जायची. तो धरला जाईल असं लोकांना वाटलं नाही, तर त्याच्यावरचं हसू वरवरचं राहतं.

1993 च्या ‘झपाटलेला’ चित्रपटात महेश कोठाऱ्यांनी गुंडाचा जीव बाहुल्यात घालून त्याला खेड्यात आणलं. रामदास पाध्यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज. हा बाहुला, तात्या विंचू, दबक्या आवाजात बोलला तरी चालतं, कॅमेरा त्याच्या तोंडाशी जातो. आम्हाला कॅमेरा नाही.

यंदा त्या प्रवेशात शिष्याने ऑर्गनवाल्याला हाताने थांबवलं, माईक सोडून रंगमंचाच्या काठाशी आला आणि घशातल्या घशात म्हणाला, “काहून बे, तू बी?” पुढचे हसले. मागच्यांनी विचारलं, काय म्हणला? वाक्य ओळीओळीने मागे सरकत गेलं, त्याच्या पाठोपाठ हसू. विंगेत उभा असलेला मी हसलो नाही. ते हसू माझं असायला हवं होतं, एवढंच मनात आलं. सकाळी चहाच्या वेळी मी त्याला उच्चारांवरून बोललो, त्या वाक्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मालिकांमध्ये आमच्याकडचा माणूस आला की त्याच्या बोलीवरच हसू काढतात. हे मला सहन होत नाही. माझ्या चोराची बोली हीच त्याची अक्कल आहे, हसायचं ते कुलपांना. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुण्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा वाटलं, आता नाटक मंडळं नटाकडे बघतील. पण पोस्टरवर मोठा फोटो अजून शहरातून एका रात्रीसाठी आणलेल्या नटीचाच, आणि नाटकाच्या मध्येच रेकॉर्ड डान्स घुसतो.

शहरी चोराचं उत्तर मात्र अजून जमत नाही. ते लांब आहे, माईकशिवाय पोचत नाही, आणि तो माईककडे वळला की भीती परत पळते. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री पुढचा प्रयोग आहे. ते उत्तर काढलं तर प्रवेश उभा राहील, हे मला दिसतं. पण अख्ख्या नाटकात मला सगळ्यात आवडतं वाक्य तेच आहे, आणि वहीत ते अजून खोडलेलं नाही.