काचेमागच्या कामाला नाव द्या

आमच्या बार्शीच्या बाजारपेठेत संध्याकाळी चक्कर मारली की एक बदल लगेच जाणवतो. पूर्वी कापडाच्या दुकानात गादी असायची, पांढरी चादर असायची आणि मालक बसल्या जागेवरून "दाखव रे वहिनींना सहावार" म्हणायचा. गिऱ्हाईक आत आल्यावर माल दिसायचा. आता दर्शनी भागात काच आहे, काचेमागं पुतळे आहेत, वरून लाइट सोडलेत. लोक आधी बाहेर थांबून बघतात, मग आत जायचं की पुढं जायचं ते ठरवतात.

या पुतळ्यांना साड्या कोण नेसवतं, असं मी चार दुकानांत सहज विचारलं. चारही ठिकाणी उत्तर तेच. "त्यात काय, आमची पोरं करतात की."

आता थोडं स्पष्ट बोलतो. तालुक्याचा पत्रकार म्हणजे बातमी आणि जाहिरात दोन्ही गोळा करणारा माणूस. दिवाळी पुरवणीसाठी मी दुकानोदुकानी फिरतो, त्यामुळं कोण कशावर किती खर्च करतं याचा मला अंदाज आहे. फ्लेक्सला पैसे आहेत. रिक्षावरच्या भोंग्याला आहेत. ओपनिंगला पाहुणा आणायला आहेत. पण जी काच रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस रोज बघतो, ती सजवणाऱ्याच्या नावावर एक रुपयाही नाही.

माझ्या ओळखीतली एक मुलगी आहे. वडील टेलर. शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा चांगल्या ग्रेडनं पास झालेली. पुढं चित्रकला शिकायची होती, पण घरच्यांनी बी.कॉम.ला घातलं. गेली तीन वर्षं ती साड्यांच्या एका दुकानात आहे, पगारपत्रकावर 'सेल्सगर्ल'.

मागच्या संक्रांतीला तिनं त्या दुकानाची काच केली. संक्रांत म्हणजे काळी साडी. आधीच्या वर्षीपर्यंत काळ्या साड्या गडद पडद्यासमोर लावायचे. तिचं म्हणणं, "काळ्यामागं काळोख असला की साडी दिसतच नाही, नुसता काठ दिसतो." तिनं मागं मांजरपाट ताणला, पुतळ्यांच्या गळ्यात हलव्याचे दागिने घातले, एकाच्या हातात पतंग दिला आणि दोन पुतळे चक्क काढून टाकले, कारण गर्दीत नजर ठरत नाही. लाइट समोरून पडायचा तो बाजूनं घेतला, मग जरीचा काठ उठून दिसायला लागला. मांजरपाट, दोरा, टाचण्या धरून सगळा खर्च हजाराच्या आत. मालकानं मला स्वतः सांगितलं, काळ्या साड्यांचा लॉट सणाआधीच संपला.

तिनं पगारात दीड हजाराची वाढ मागितली. मालक म्हणाले, "पुतळ्याला साडी नेसवायचे कसले गं पैसे?"

नंतर ती पुण्यात एका मोठ्या कपड्यांच्या साखळीत मुलाखतीला गेली. तिथं याच कामाची रीतसर जागा होती, व्हिज्युअल मर्चंडायझर. मोबाईलमधले फोटो बघून त्यांनी अनुभवाचं पत्र मागितलं. पत्रावर लिहिलेलं, 'सेल्सगर्ल'. त्यांनी तिला फ्लोअरवर उभं राहायची नोकरी देऊ केली. ती परत आली.

हे काम नवीनही नाही आणि हलकंही नाही. 'विझार्ड ऑफ ऑझ' लिहिणारा एल. फ्रँक बाम आपल्यासारख्याच एका छोट्या गावात, अमेरिकेतल्या ॲबरडीनमध्ये, आधी दुकानदार होता. दुकान बुडालं. मग त्यानं तिथंच वर्तमानपत्र चालवलं, तेही बंद पडलं. (पत्रकार मित्रांनी हसू नये.) शिकागोला गेल्यावर 1897 मध्ये त्यानं फक्त दुकानांच्या खिडक्या सजवण्याविषयी एक मासिक काढलं. पुढच्या वर्षी खिडक्या सजवणाऱ्यांची देशपातळीवरची संघटना उभी केली. 1900 मध्ये 'ऑझ' आलं, त्याच वर्षी खिडक्या सजवण्याच्या कलेवरचं त्याचं पुस्तकही आलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडं या कामाला मासिक होतं, संघटना होती, पुस्तक होतं. आपल्याकडं आजही 'पोरं करतात'.

या क्षेत्रात जायचं असेल तर काय लागतं? मी त्यात काम करणाऱ्या दोघातिघांशी बोललो, त्याचा सार सांगतो.

पहिलं म्हणजे हे नुसतं सजावटीचं काम नाही. कुठल्या रॅकवर काय, किती आणि कुठल्या क्रमानं लावायचं याचा नकाशा असतो, त्याला प्लॅनोग्राम म्हणतात. मोठ्या साखळीत तो हेड ऑफिसहून येतो आणि तुम्ही तो तंतोतंत उतरवायचा असतो. सुरुवातीची वर्षं शिडी, ड्रिल, टाचण्या आणि इस्त्री यातच जातात. स्वतःच्या डोक्यातलं करायला मिळतं ते नंतर, एका दुकानाचे चार-सहा दुकानं बघायला लागल्यावर.

दुसरं, काम दुकान बंद झाल्यावर रात्री चालतं. मुलींच्या घरचे इथंच अडतात. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला काम द्यायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षेची, घरी पोचवण्याची जबाबदारी मालकाची. हे मुलीलाही माहीत हवं आणि तिच्या आईवडिलांनाही.

तिसरं, शिक्षण. निफ्टच्या फॅशन कम्युनिकेशनमध्ये हा विषय शिकवतात, पण ती फी आपल्यापैकी किती जणांना झेपणार? उपयोजित कलेचं शिक्षण हा दुसरा रस्ता. तोही जमला नाही तर हातातल्या कामाची फाइल करा. एकाच जागेवरून काढलेला आधीचा आणि नंतरचा फोटो, मापं, खर्च, आणि पुढच्या आठ दिवसांत त्यातला किती माल गेला. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तो असला की तुमच्याकडं कलाकार म्हणूनही बघतात आणि धंदा कळणारा माणूस म्हणूनही.

आपल्याकडं हातांची कमी नाही. दर गणपतीला मंडळाची पोरं रात्र रात्र जागून देखावे उभे करतात. 2018 मध्ये थर्माकोलवर बंदी आली तेव्हा ती थांबली नाहीत, पुठ्ठा, बांबू आणि कापडावर आली. ही पोरं अकरा दिवस कलाकार असतात, बाराव्या दिवशी बेरोजगार. इथल्या कला आणि वाणिज्य महाविद्यालयांनी मिळून सहा महिन्यांचा एखादा वर्ग काढला, प्रात्यक्षिकाला बाजारपेठेतल्याच काचा दिल्या, तर दोघांचंही भलं होईल.

ती मुलगी सध्या त्याच दुकानात आहे. फाइल करायला घेतली आहे तिनं.

दुकानदार मित्रांनो, तुमच्या जाहिराती माझ्याकडं येतात, तरी बोलतो. पगार वाढवणं लगेच जमत नसेल तर समजू शकतो. पण तुमच्याकडचं पोरगं सोडून जाताना अनुभवाचं पत्र मागेल, तेव्हा त्यानं तुमच्याकडं खरंच काय केलं ते त्यात लिहा. 'दुकानाची दर्शनी सजावट आणि मालाची मांडणी केली.' एवढं एक वाक्य. त्याला पैसे पडत नाहीत.