वाईचे दिवे

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी पाचगणी पाहिली असेल. सहलीच्या बसमधून उतरायचे, टेबल लँडवर घोड्यावरून एक रपेट मारायची, भाजलेले कणीस आणि स्ट्रॉबेरी खायची आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा, असा बहुतेक सहलींचा कार्यक्रम असतो. त्यामुळे पाचगणीची रात्र फार थोड्यांच्या वाट्याला येते. या पाठात मी तुम्हांला त्या रात्रीकडे घेऊन जाणार आहे.

आधी जागा समजून घ्या. भोवती पाच डोंगर म्हणून पाचगणी, असे सांगतात. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. तिच्या पायथ्याशी, कृष्णा नदीच्या काठी, वाई आहे. वाईचे दगडी घाट आणि ढोल्या गणपती प्रसिद्ध आहेत. मराठी विश्वकोशाचे मोठे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली याच गावात उभे राहिले. वाई पाचगणीपेक्षा जवळजवळ सहाशे मीटर खाली आहे. दोन्ही गावांच्या मध्ये पसरणीचा घाट. रस्त्याने बारा-तेरा किलोमीटर अंतर. पण सरळ रेषेत पाहिले तर याहून बरेच कमी.

मी वाईला राहतो. फोटो काढणे हा माझा जुना छंद. गेल्या दिवाळीत मी साठवलेल्या पैशांतून एक वाइड अँगल लेन्स घेतली. किंमत ऐकून माझी बहीण म्हणाली, "दादा, एवढ्या पैशांत फ्रीज आला असता!" खरे आहे. पण फ्रीजमधून डोंगर दिसत नाहीत.

वाइड अँगल म्हणजे काय, ते सांगतो. माझी जुनी लेन्स ५० मिलिमीटरची. ती समोरचे साधारण ४६ अंशांतले दृश्य पकडते. नवी लेन्स २० मिलिमीटरची. ती सुमारे ९४ अंशांतले दृश्य पकडते, म्हणजे काटकोनाहूनही थोडे जास्त. जुन्या लेन्समधून पाहणे म्हणजे खिडकीतून पाहणे. नवीतून पाहणे म्हणजे गच्चीवर जाऊन पाहणे. मात्र तिची एक अट असते. ती पुष्कळ जागा मावून घेते, म्हणून प्रत्येक वस्तूला थोडीच जागा देते. आठ किलोमीटरांवरची एक किलोमीटर लांबीची वस्ती कॅमेऱ्याच्या आतल्या पटलावर जेमतेम अडीच मिलिमीटर जागा व्यापते. मग त्यातल्या एका घराचे काय, आणि घरावरच्या एका दिव्याचे काय!

आणि मला हवा होता नेमका एक दिवा. तो कोणाचा, ते आता सांगतो.

माझा भाचा पाचवीत आहे. त्याचे वडील जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रावर. आई परिचारिका, तिला आठवड्यातून तीन-चार रात्री कामावर जावे लागते. म्हणून जूनपासून त्याला पाचगणीच्या एका शाळेत, वसतिगृहात ठेवले होते. पाचगणी ही शाळांची नगरी. मुंबईची, पुण्याची, परदेशातलीसुद्धा मुले तिथे राहून शिकतात. लांबून आलेली मुले काही दिवस रडतात आणि रमतात. आमच्या मुलाची अडचण वेगळी होती. त्याचे घर लांब नव्हते. वसतिगृहाच्या गॅलरीतून, सिल्व्हर ओकच्या दोन झाडांच्या मधून, वाईचे मूठभर दिवे त्याला रोज दिसत. घर दिसते आणि जाता येत नाही! रोज संध्याकाळी तो तिथे उभा राही, आणि जेवणाची घंटा झाली तरी हलत नसे.

दिवाळीची सुट्टी संपवून तो परत गेला, तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, एकदा त्याला भेटून ये. डिसेंबरपर्यंत बघू. नाहीच रमला तर घेऊन येऊ." बोलताना तिने पदराने डोळे पुसले, ते मी पाहिले नाही असे दाखवले.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका शनिवारी मी कॅमेरा, लेन्स आणि तिपाई घेऊन वर गेलो. रात्रीच्या फोटोंसाठी हे दिवस फार चांगले. पावसाळ्यात पाचगणी ढगात असते. खालची दरी दिवस-दिवस दिसत नाही. उन्हाळ्यात हवेत धूळ असते. पावसाने धुतलेली हवा अजून मळलेली नसते, ती या दिवसांत. वसतिगृहाच्या गृहपालांची लेखी परवानगी घेतली आणि भाच्याला घेऊन सिडने पॉइंटवर गेलो. तिथून कृष्णेचे खोरे मोकळे दिसते. धोम धरणाचे पाणी, पलीकडे पांडवगड आणि खाली वाई.

मुलांनो, अशा जागी रात्री जायचे असेल तर मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि कठड्याच्या आत राहा. लेन्समधून पाहताना पायाखालचे भान राहत नाही.

सहा वाजता सूर्य मावळला. नवशिक्या माणसाला वाटते की रात्रीचा फोटो पूर्ण अंधारात काढायचा. तसे केले तर आकाश काळे आणि त्यावर पिवळे-पांढरे ठिपके, एवढेच हाती येते. ते वाईचे की पुण्याचे, कोणी सांगू शकणार नाही. सूर्य मावळल्यावर अर्धा-पाऊण तास आकाशात एक गडद निळा उजेड उरतो. तेव्हा गावातले दिवे लागलेले असतात आणि डोंगरांच्या कडाही दिसतात. मला तो उजेड हवा होता.

तोवर वाट पाहायची होती. भाचा कठड्याला टेकून खाली पाहत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, एवढ्या दिव्यांत आपलं घर कोणतं ते मला कळतच नाही."

त्याचे खरे दुःख हे होते, हे मला तेव्हा समजले. मी त्याला म्हटले, "आज कळेल. पण त्याआधी एक गोष्ट ऐक."

ती गोष्ट तुम्हांलाही सांगतो. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम नावाचे एक थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचा जन्म बसऱ्याचा. पुढे ते कैरोत राहिले. प्रकाश आणि दृष्टी यांवर त्यांनी 'किताब अल-मनाझिर' हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी एक प्रयोग सांगितला आहे. एका अंधाऱ्या जागेला लहान भोक ठेवा. बाहेर, भोकासमोर, निरनिराळ्या जागी काही दिवे ठेवा. आत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडतो. आता बाहेरचा एक दिवा झाका. आतला नेमका तेवढाच ठिपका नाहीसा होतो. बाकीचे जागच्या जागी राहतात. झाकण काढा, तो ठिपका परत येतो. म्हणजे इतक्या दिव्यांचा प्रकाश त्या एका बारीक भोकातून एकाच वेळी जातो, पण एकमेकांत मिसळून हरवत नाही. प्रत्येक दिवा आपापल्या वाटेने आत येतो.

कॅमेरा म्हणजे तरी दुसरे काय? भोकाजागी लेन्स असलेली अंधारी खोलीच. लॅटिन भाषेत 'कॅमेरा' शब्दाचा अर्थ खोली असाच होतो, आणि तुमच्या उर्दूतला 'कमरा' त्याच घराण्यातला. तो पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला.

"मग आता आपण काय झाकायचं?" भाच्याने विचारले.

"आपण काही नाही. आई झाकणार आहे."

बहिणीशी मी आधीच ठरवले होते. तिच्या गच्चीवर लग्नकार्यासाठी घेतलेला एक मोठा दिवा आहे. पावणेसातला तिने तो लावून ठेवायचा आणि मी फोनवर सांगितले की तीनदा विझवून तीनदा लावायचा. मग ती रात्रपाळीला जाणार होती.

मी तिपाई उभी केली. वारा होता, म्हणून तिच्या मधल्या दांड्याला पिशवी टांगली. वजनाने तिपाई स्थिर राहते. पडदा पंधरा सेकंद उघडा राहील, अशी योजना केली. बोटाच्या धक्क्याने कॅमेरा हलू नये म्हणून बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी पडदा उघडेल असे ठेवले. लेन्सच्या आतले छिद्र बारीक केले. याची एक गंमत आहे. छिद्र बारीक केले की जवळच्या दिव्यांना किरण फुटतात. छिद्र बनवणारी पाती सम असतील तर जितकी पाती तितके किरण, आणि विषम असतील तर दुप्पट. माझ्या लेन्सला नऊ पाती आहेत, म्हणून रस्त्यावरच्या खांबावरच्या दिव्याला अठरा किरण आले. तुम्ही कोणाचा रात्रीचा फोटो पाहाल तेव्हा किरण मोजून पाहा.

पण वाइड अँगल लेन्सला जवळचे काहीतरी लागते. नुसते दूरचे दृश्य घेतले तर फोटो ओसाड दिसतो. मी आजूबाजूला पाहिले. झाड एका बाजूला होते, खडक बुटका होता. शेवटी भाच्यालाच कठड्याच्या आत डाव्या बाजूला उभे केले. "पंधरा सेकंद पुतळ्यासारखा राहा. हललास तर धुरासारखा दिसशील."

पावणेसात झाले. खालचे दिवे एव्हाना दाट झाले होते. काही वर्षांपूर्वी रस्त्यांवरचे दिवे सोडियमचे, नारिंगी-पिवळे असत. रात्रीचे गाव निखाऱ्यांच्या शेगडीसारखे दिसे. आता बरेचसे पांढरे एलईडी आहेत. मला जुना रंग आवडत असे, पण नव्या दिव्यांना वीज कमी लागते, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही. एक मात्र खटकते. गावावर एक फिका, दुधट घुमट दिसत होता. तो आकाशाकडे वाया गेलेला उजेड. त्याच्यामुळे तारे कमी दिसतात. आपल्याच महाराष्ट्रात, पेंच व्याघ्र प्रकल्पात, जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' जाहीर झाले. अंधार राखून ठेवण्यासाठीही आता जागा नेमावी लागते!

मी भाच्याला म्हटले, "दिव्यांच्या मधून एक काळी पट्टी गेलेली दिसते? ती कृष्णा. तिच्यावर पुलाच्या दिव्यांची रांग आहे. रांगेच्या उजव्या टोकाशी जा. तिथून थोडं वर. एक ठळक पांढरा ठिपका आहे. त्याच्यावर नजर ठेव." मग फोनवर बहिणीला "आता" म्हणालो आणि बटण दाबले.

पडदा उघडल्याचा आवाज झाला. एक, दोन, तीन सेकंद गेले. खाली शेकडो दिवे जागच्या जागी होते. आणि त्यांतला एक विझला. लागला. पुन्हा विझला. पुन्हा लागला. घाटात एका गाडीचे दिवे वळणावरून सरकत होते. तिसऱ्यांदा दिवा विझला, तेव्हा भाच्याचा उजवा हात आपोआप वर गेला. आठ किलोमीटरांवरून, अंधारात, तो आईला हात दाखवत होता. मी काही बोललो नाही. दिवा लागला, हात खाली आला, पडदा मिटला.

फोनवर बहीण विचारत होती, "दिसलं का रे? दिसलं का त्याला?" मी फोन त्याच्या हातात दिला आणि तिपाई मिटायला लागलो. ती मिटायला खरे तर एक मिनिटही लागत नाही.

आठवड्याने मी त्या फोटोची मोठी प्रत करून वसतिगृहात घेऊन गेलो. निळ्या आकाशाखाली पांडवगडाची कड छान आली होती. घाटातल्या गाडीची एक सोनेरी रेघ झाली होती. भाच्याने खिशातून भिंग काढले. काळी पट्टी, पुलाची रांग, उजवे टोक असे करत त्याने एक ठिपका शोधला. तो बाकीच्या ठिपक्यांसारखाच होता. बराच वेळ पाहून त्याने विचारले, "मामा, या फोटोत आपला दिवा लागलेला आहे की विझलेला?"

"दोन्ही," मी म्हणालो. "पंधरा सेकंदांत जेवढा प्रकाश आला तेवढा एकाच जागी साठला. डोळ्याला लुकलुकणं दिसतं. फोटोत ते एकावर एक रचलं जातं."

"म्हणजे तो तीनदा विझला, हे कुणाला कळणारच नाही?"

मी फोटोच्या डाव्या कडेला बोट ठेवले. तिथे एका मुलाची काळी आकृती होती. डोके, खांदे, पाय स्वच्छ दिसत होते. उजव्या खांद्यावर मात्र धुराचा एक फिका पट्टा वर गेलेला होता. तो हसला. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. त्याने फोटो पेटीत कपड्यांच्या खाली ठेवला आणि मला तिथेच सोडून पळाला.

डिसेंबरच्या सुट्टीत तो घरी आला. पुढच्या वर्षी त्याने कुठे शिकायचे, हे अजून ठरलेले नाही; वडील जहाजावरून आले की ठरेल. पहिल्याच संध्याकाळी तो गच्चीवर गेला आणि मला हाक मारली. वर डोंगराच्या माथ्याशी पाचगणीचे मोजके दिवे लागले होते.

"मामा, यातला आमच्या वसतिगृहाचा कोणता?"

मी कॅमेऱ्याची पिशवी उघडली आणि या खेपेस जुनी, ५० मिलिमीटरची लेन्स बाहेर काढली.