हे रक्त कुणाचं?

गरोदरपणात डाग लागला की घरचे विचारतात, ‘बाळ ठीक आहे ना?’ सोनोग्राफीत ठोके दिसले, वार वर आहे हे कळलं, की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मला मात्र रक्त आलं कुठून, हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. वार खाली नाही याची खात्री झाल्यावर, त्याआधी कधीच नाही, मी आतून तपासते. ‘पोटुशीला आतून कशाला तपासता?’ सासूबाई धास्तावून विचारतात. त्यांना सांगते, स्पेक्युलम गर्भपिशवीच्या तोंडापर्यंतच पोहोचतं, आत जात नाही.

दिवा नीट धरला की लोंबणारा लालबुंद पॉलिप दिसतो, नाहीतर संबंधानंतर रक्ताळणारा हुळहुळा भाग. कधी रक्त मूळव्याधीचंच निघतं. पण क्वचित फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, कापूस लागताच वाहणारी गाठ समोर येते. आपल्याकडे कित्येक बायकांच्या गर्भपिशवीचं तोंड पहिल्यांदा पाहिलं जातं ते गरोदरपणातच. अशा गाठीचा तुकडा तेव्हाही तपासायला पाठवता येतो. बाळंतपणापर्यंत थांबण्यात आईचा जीव पणाला लागतो.

सर्वांत जास्त भीती वाटते ती रक्त आईचं नसतं तेव्हा. व्हासा प्रिव्हियात बाळाच्या उघड्या रक्तवाहिन्या गर्भपिशवीच्या तोंडावरून गेलेल्या असतात. पाणमोट फुटताना त्या फाटतात. आईचं बीपी उत्तम, आणि ठोके ढासळत चाललेले! पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाव लिटर. आईच्या दृष्टीने किरकोळ असलेला स्राव त्याचा जीव घेतो. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ॲप्ट चाचणी सोपी आहे: पाण्यात मिसळलेल्या रक्तात सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की आईचं रक्त पिवळट तपकिरी होतं, बाळाचं गुलाबी राहतं. पण ठोके पडत असताना रंग बदलायची वाट बघायची नसते, थेट थिएटर गाठायचं.

खरं काम त्याच्या कितीतरी आधीचं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या १५५ गरोदरपणांच्या अभ्यासात, आधी निदान झालेल्यांमधली ९७ टक्के बाळं वाचली होती. न झालेल्यांमधली फक्त ४४. म्हणून पाचव्या महिन्यात वार खाली असेल, जुळं असेल किंवा गर्भधारणा टेस्ट ट्यूबची असेल, तर सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर मी आवर्जून लिहिते: नाळ वारेला कुठे जोडली आहे ते पाहा, गर्भपिशवीच्या तोंडावर कलर डॉपलर लावा. तिथे रक्तवाहिनी दिसली, तर कळा सुरू होण्याआधीच सिझेरियनची तारीख ठरवता येते.