पुढचे आणि मागचे

परवां रात्रीं नातवानें मोबाइलवर एक इटालियन वाद्यरचना ऐकविली. कर्ता आर्कांजेलो कोरेल्ली. तो १७१३ सालीं वारला. त्याचे बारा 'कॉन्चेर्तो ग्रोस्सो' १७१४ सालीं ॲम्स्टरडॅमला छापून निघाले. त्यांतील हा आठवा, नाताळच्या रात्रीसाठीं रचलेला. दोन व्हायोलिनें व एक चेलो असे तिघे पुढें होऊन वाजवितात. मागें तंतुवाद्यांचा ताफा. तिघे हळुवार कांहीं बोलतात, ताफा तें उचलून भरदार करतो, आणि तिघेहि त्यांत मिसळतात.

मला आमच्या अंबाजोगाईच्या वाड्यांतलें एकादशीचें भजन आठवलें. वडील बंधु अण्णा पुढें. आम्ही पांच-सात जण टाळ धरून ध्रुवपद झेलणारे. अण्णा गेले आणि भजन बंद पडलें. पुढें कोण म्हणणार? माझा गळा मागच्याच ओळींतला!

नातू म्हणाला, "आजोबा, छापील ग्रंथाच्या पहिल्याच पानावर आहे : तिघे अवश्य, बाकीचा समूह ऐच्छिक." मन खट्टू झालें. उभा जन्म मी ऐच्छिकांतच काढला कीं काय? पण एकदां ऐन अभंगांत अण्णांना ठसका लागला, तेव्हां आम्हीं मागच्यांनींच तो तडीस नेला होता. आणि अण्णा पाणी पीत हंसत होते.

माळ्यावरचे टाळ काल खालीं काढविले. एकाची दोरी तेवढी कुजली आहे.