तीस सेकंदांचा फॅक्टर ऑफ सेफ्टी

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (1998) होस्टेलवर बहुतेकांनी पाहिलाय. सुरुवातीलाच ओमाहा बीचवर सैनिक होड्यांतून उतरतात आणि मशीनगनसमोर पटापट कोसळतात. मला एक प्रश्न छळत राहिला. 6 जून 1944 च्या त्या नॉर्मंडी मोहिमेला दोस्त राष्ट्रांकडे अकरा हजारांवर विमानं होती, जर्मन विमानं तर जवळजवळ दिसलीच नाहीत. मग त्या मशीनगन्स शाबूत राहिल्या कशा?

वाचत गेलो तसं कळलं, की विमानदलाचं मोठं काम त्या सकाळच्या आधीच झालं होतं. कित्येक आठवडे फ्रान्समधली रेल्वे यार्डं आणि सीन नदीवरचे पूल बॉम्बफेकीनं मोडले जात होते. आपली माणसं जहाजातून येणार, शत्रूची रेल्वेतून. ज्याची कुमक आधी पोचेल त्याचा किनारा. साधं गणित! पण त्यात हजारो फ्रेंच नागरिक मेले. चर्चिलनाही ते खटकत होतं. आयझेनहॉवर मात्र हटले नाहीत.

आता ओमाहा. त्या सकाळी आकाश ढगाळ होतं. तीनशेहून जास्त लिबरेटर बॉम्बर्सना ढगांवरून, रडारच्या भरवशावर बॉम्ब टाकायचे होते आणि खाली समुद्रात आपल्याच होड्या! त्यांच्यावर पडू नयेत म्हणून ठरलं, की बॉम्ब सोडायला मुद्दाम उशीर करायचा, जास्तीत जास्त तीस सेकंद. वेग ताशी 300 किमी धरा. तीस सेकंदांत अडीच किलोमीटर! बॉम्ब बंकर्स ओलांडून मागच्या शेतांत पडले. होड्या वाचल्या, पण बंकर्सही वाचले. ओमाहावर मृत, जखमी, बेपत्ता मिळून दोन हजारांहून अधिक माणसं गेली. उंच कडे, कसलेले जर्मन सैनिक, समुद्रात बुडालेले रणगाडे अशी इतरही कारणं होती. पण हे एक होतंच.

शेजारच्या युटा बीचवर मरॉडर विमानं ढगांखाली उतरली आणि किनाऱ्याला समांतर उडाली. त्यामुळे बॉम्ब जरा पुढेमागे पडला तरी किनाऱ्याच्या पट्टीतच! वैमानिकांचा धोका अर्थातच वाढला. खालून तोफा होत्याच. पण मारा लागू पडला.

आपण डिझाईन करताना फॅक्टर ऑफ सेफ्टी बिनधास्त वाढवतो. जास्त म्हणजे सुरक्षित, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मला वाटतं, धोका अनेकदा नाहीसा होत नाही, नुसता सरकतो. होडीतल्या माणसाला वाचवणारे तीस सेकंद त्याच माणसाला पुढे वाळूवर भोवले. तो निर्णय घेणारे मूर्ख नव्हते; आपल्याच लोकांवर बॉम्ब टाकायला कुणाचा हात धजावेल? तरीपण मित्रांनो, उद्या ड्रॉईंगवर सही करताना एवढं जरूर विचारा: ही सेफ्टी कुणाची, आणि तिची किंमत कोण मोजणार?