खेळाडू किती वर्षे ठेवावा?

आम्ही पेशाने कारकून. बी. कॉम. झालो, कचेरीत चिकटलो आणि उरल्या वेळात वस्तीतल्या मंडळाचा, वाचनालयाचा आणि महिलांच्या भिशीचा हिशेब लिहीत आलो. घटना, पोटनियम, ठराव, इतिवृत्त हे शब्द कानावर पडले की आमची कळी खुलते, असे घरचे लोक म्हणतात. त्यामुळे थोरल्या ताईच्या मुलाने अमेरिकेतून एका खेळाच्या नियमांचा कागद आम्हांकडे तपासायला पाठवला, तेव्हा घरात कुणाला नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्या खेळाचे. खेळ बेसबॉलचा, आणि तो खेळणाऱ्या बारा जणांपैकी मैदानात उतरणारा एकही नाही.

भाचा न्यू जर्सीत असतो. तिथली बेसबॉलची मोठी लीग तीस संघांची. प्रत्येक संघ मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने खेळतो. हे बारा मित्र दरवर्षी मार्चमध्ये एकत्र बसतात आणि खऱ्या खेळाडूंचा लुटुपुटीचा लिलाव करतात. प्रत्येकाजवळ २६० डॉलर, तेही लुटुपुटीचे. त्यात २३ खेळाडू घ्यायचे, १४ फलंदाज आणि ९ पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. मग ते खेळाडू खऱ्या सामन्यांत जे करतील त्याची रोज नोंद. फलंदाजांचे होमरन, धावा, सरासरी. पिचरांनी जिंकलेले सामने, बाद केलेले गडी. अशा दहा रकान्यांत जो पहिला त्याला बारा गुण, शेवटच्याला एक. हा प्रकार १९८० साली डॅनियल ओक्रेंट नावाच्या संपादकाने न्यूयॉर्कमध्ये आपल्या मित्रांत सुरू केला. ते मंडळी ज्या हॉटेलात जमत त्याच्या नावावरून त्याला रोटिसरी म्हणू लागले. आता कोट्यवधी लोक खेळतात.

ताईला वेगळीच काळजी. "बघ रे, जुगार तर नाही ना?" आम्ही चौकशी केली. वर्गणी वर्षाला पन्नास डॉलर, त्यातून शेवटी एक ढाल आणि सर्वांचे एक जेवण. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यातला हा मामला नव्हे, असे ताईला समजावले. पण त्या बारा जणांत भाच्याचे काय अडकले होते, ते ताईला आमच्यापेक्षा आधी कळले होते. २०२१ साली तो तिथे गेला तेव्हा ओळखीचे कुणी नव्हते. एक सभासद गाव सोडून गेला, त्याचा संघ याला मिळाला आणि संघाबरोबर अकरा माणसे मिळाली. त्याच्या पहिल्या बाळंतपणात बायकोला दवाखान्यात नेणारा, घर बदलताना ट्रक चालवणारा, सगळे याच लीगमधले. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तो म्हणू लागला, "मामा, मी सोडतोय."

कारण होते कीपर. कीपर म्हटल्यावर आम्हाला आधी यष्टिरक्षकच आठवला, पण इथे कीपर म्हणजे पुढल्या वर्षासाठी ठेवून घेतलेला खेळाडू. आपल्या आयपीएलच्या संघांना २०२५ च्या मोठ्या लिलावाआधी सहा खेळाडू राखायची मुभा होती, तसेच हे. फरक एवढाच की आयपीएलमध्ये पहिल्या राखलेल्या खेळाडूपोटी थैलीतून १८ कोटी वजा होत होते. भाच्याच्या लीगमध्ये मात्र खेळाडू ज्या किमतीला घेतला त्याच किमतीला, हवी तितकी वर्षे ठेवता येत असे. लीग स्थापन करणाऱ्या गृहस्थांनी मे २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या संघात नुकत्याच आलेल्या एकोणीस वर्षांच्या हुआन सोटोला पाच डॉलरला उचलले. २०२४ सालीही तो त्यांच्याकडे पाच डॉलरलाच होता.

आता कारकुनाचा हिशेब. बारा जणांचे मिळून ३,१२० डॉलर. समजा ठेवून घेतलेल्या सगळ्या खेळाडूंची खरी किंमत १,२०० आहे, पण जुन्या भावाने ते ६०० त पडले. मग लिलावात उरला पैसा २,५२०, आणि उरला माल १,९२० चा. म्हणजे शेकडा ३१ टक्के महागाई. चाळीसचा खेळाडू साडेबावन्नला जातो. ज्याच्याकडे जुने स्वस्त खेळाडू आहेत त्याला ही महागाई सोसते. ज्याच्याकडे नाहीत तो प्रत्येक वस्तू चढ्या भावाने घेतो आणि हरतो. भाचा तीन वर्षे अकरावा, बारावा, बारावा आला. त्याच्याआधी त्याच संघावर बसलेला माणूसही तळातच असे. लिलावाच्या दिवशी सर्वांना २६० डॉलर सारखे मोजून देतात खरे, पण ती समता मोजण्यापुरतीच.

भाच्याने पाठवलेला मसुदा एका ओळीचा होता. येत्या मार्चपासून सर्वांनी सर्व खेळाडू सोडावेत आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी. आम्ही तो तांबड्या शाईने परत केला. ज्या नियमाने तू हरलास त्याच नियमावर भरवसा ठेवून दुसऱ्याने काही दिले असेल, त्याचे काय? तसे निघालेही. एका सभासदाने त्याच जुलैत आपला चांगला पिचर देऊन एक स्वस्त पोरगा घेतला होता, तो कायमचा आपला राहील या हिशेबाने. स्थापक गृहस्थांनीही सोटो मोठा होईपर्यंत दोन वर्षे ढाल हातची घालवली होती. नियम बदलला की वस्तूची किंमत बदलते. खऱ्या बेसबॉलमध्येच पाहा. २०२३ साली बेस आकाराने मोठे केले आणि चेंडू टाकायला घड्याळ लावले. २०२२ मध्ये बेस चोरण्याचे प्रकार झाले होते २,४८६, ते एका वर्षात ३,५०३ झाले. पळणारा खेळाडू सोन्याचा झाला. पण तिथे नियम सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला आणि पुढल्या मोसमात लागला. मधली सवड सर्वांना मिळाली.

दुसऱ्या बाजूचे उत्तर भाच्याने वाचून दाखवले. "हा नियम माहीत असूनच तुम्ही सगळे आत आलात ना?" हे वाक्य आम्ही इतक्या सभांत ऐकले आहे की इंग्रजीतही ओळखले असते. घराचा, रेशनचा, नोकरीतल्या बढतीचा, कुठलाही प्रश्न घ्या, आधी आत बसलेला माणूस हेच म्हणतो. त्या निमित्ताने आम्ही बेसबॉलचा जुना इतिहास वाचला, आणि तिथे खेळाडू ठेवून घेण्याची गोष्ट लुटुपुटीची नव्हती.

१८७९ पासून तिथल्या मालकांनी आपसांत ठरवून घेतले होते की करार संपला तरी खेळाडू आपलाच. तो मालकाच्या मर्जीने विकला जाई, स्वतःच्या मर्जीने कुठे जाऊ शकत नसे. या कलमाला रिझर्व्ह क्लॉज म्हणत. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन मोठ्या लीगमध्ये आला आणि काळ्या खेळाडूंना दार उघडले, ते दारही या कलमाच्या आतच उघडत होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईसच्या संघाने कर्ट फ्लड या नामांकित काळ्या खेळाडूला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. बारा वर्षे त्या संघात खेळलेला माणूस. त्याने २४ डिसेंबरला लीगच्या प्रमुखांना पत्र लिहिले, त्याचा आशय असा की मी विकत घ्यायची-द्यायची वस्तू नाही. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणारा माणूस स्वतःला वस्तू म्हणवतो, असे लोक हसले. तो कोर्टात गेला. जॅकी रॉबिन्सन त्याच्या बाजूने साक्षीला आला. त्या वेळी मैदानावर खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन असा हरला. त्याचा खेळ संपला तो संपलाच. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात कलमाचा अर्थ एक वर्षापुरता लावला, आणि पुढच्या वर्षी मालक व खेळाडूंची संघटना यांच्यात तडजोड झाली. सहा वर्षे सेवा केली की खेळाडू मोकळा. तो सहा वर्षांचा नियम आजही आहे.

भाच्याच्या लीगमध्ये सोटोला काही त्रास नव्हता, हे उघड आहे. बारा जणांच्या वहीत आपण पाच डॉलरला पडून आहोत, याची त्याला कल्पनाही नसेल. पण आमच्या ध्यानात आले ते हे की शंभर वर्षे भांडून खऱ्या खेळाने जो तोडगा काढला तो "सगळे सोडा" हा नव्हता आणि "सगळे ठेवा" हाही नव्हता. वर्षे मोजा, हा होता.

मसुदा पुन्हा लिहिला. दरवर्षी ठेवलेल्या खेळाडूची किंमत पाच डॉलरने वाढावी. घेतल्या वर्षानंतर तीनच वर्षे ठेवता यावे. आज जे हातात आहेत त्यांची वर्षे २०२६ च्या मोसमापासून मोजावीत, मागची मोजू नयेत. भाच्याला हे फार सौम्य वाटले. "मामा, म्हणजे मी अजून चार वर्षे मार खायचा?" आम्ही म्हटले, हो, पण पाचव्या वर्षी लीग असेल. त्याच्याखेरीज आणखी दोघे सोडायच्या बेतात होते. तिघे गेले असते तर लीग मोडली असती, आणि स्थापक गृहस्थांची बायको वारलेली, नोकरीतून निवृत्त झालेले, त्यांच्या आठवड्यात या मंडळींखेरीज दुसरे फारसे काही नव्हते. त्यांचे नियम बदलूनही जाणार होते आणि न बदलूनही.

मग खरी अडचण समोर आली. नियम बदलायचा कसा, हे त्यांच्या २०११ च्या एकपानी नियमांत लिहिलेलेच नव्हते. निम्मे की दोन-तृतीयांश, हात वर करून की चिठ्ठीने, काहीच नाही. इथे आमच्या सगळ्या इतिवृत्तांचे सार्थक झाले. १८६० च्या सोसायटी रजिस्ट्रेशन कायद्याच्या बाराव्या कलमात संस्थेचा उद्देश बदलायचा असेल तर तीन-पंचमांश मते लागतात, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत ती पुन्हा पडावी लागतात. इंग्रजांनी आपल्यासाठी केलेला कायदा आम्ही न्यू जर्सीला पाठवला. बारा जणांत तीन-पंचमांश म्हणजे आठ. नियम बदलण्याचा हा नियम त्यांनी आधी मंजूर केला, तोही एकमताने, कारण त्या दिवशी त्यात कुणाचा खेळाडू जात नव्हता.

पहिली सभा नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी झाली. आठ विरुद्ध चार. भाच्याने रात्रीच फोन करून कळवले. आम्ही म्हटले, अजून महिना आहे, पेढे वाटू नकोस. त्याच महिन्यात खऱ्या सोटोने न्यूयॉर्क मेट्सशी पंधरा वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला, आणि लीगमध्ये पाच डॉलरच्या सोटोवरून थट्टा सुरू झाली. ती स्थापकांना लागली. भाचा त्यांच्या घरी गेला. त्यांनी २०११ पासूनच्या प्रत्येक लिलावाची हाताने लिहिलेली वही काढून दाखवली. कुणी काय घेतले, कितीला घेतले, कोण त्या दिवशी उशिरा आला, सगळे. हे ऐकून आम्हाला त्या माणसाविषयी आपुलकीच वाटली. वही ठेवणारा माणूस आपल्या जातीचा, म्हणजे कारकुनाच्या. त्यांची सूचना अशी होती की प्रत्येकाने एक जुना खेळाडू वर्षांच्या मर्यादेबाहेर ठेवावा, किंमत मात्र पाचने वाढत जावी. भाचा तयार नव्हता. आम्ही त्याला गणित करून दाखवले: पाच डॉलरचा सोटो दरवर्षी पाचने चढत आठ वर्षांत पंचेचाळीसला पोचतो. तेव्हा तो ठेवणे न ठेवणे सारखेच.

डिसेंबरअखेरच्या दुसऱ्या सभेत दुरुस्तीसह ठराव दहा विरुद्ध दोन असा मंजूर झाला. स्थापकांनी मर्यादेबाहेर ठेवायला सोटोचेच नाव दिले. दुसरे नाव दिले असते तर आम्हालाच संशय आला असता.

भाच्याने लीग सोडली नाही. २०२५ च्या मोसमात तो आठवा आला. त्या वर्षी एप्रिलमध्ये ॲथलेटिक्सच्या संघात निक कर्ट्झ नावाचा पोरगा आला, त्याला याने एक डॉलरला उचलले. जुलैत त्या पोराने एका सामन्यात चार होमरन मारले, आणि वर्षाअखेरीस अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. नव्या नियमाप्रमाणे तो २०२६ मध्ये सहाला, मग अकराला, मग २०२८ मध्ये सोळाला पडणार, आणि त्यानंतर सोडावा लागणार.

परवा भाच्याचा फोन आला. जय भीम झाला, मुलाची खुशाली झाली, ताईची औषधे झाली. मग जरा घुटमळत म्हणाला, "मामा, ती तीन वर्षांची चार करता येतील का हो?"

आम्ही म्हटले, "येतील की. आठ मते, दोन सभा."