रोपाचे वय

निपाणीकडच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसास 'तरू' म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. तंबाखूचे तरू वाफ्यावर टाकावे, जपावे आणि सहा-सात आठवड्यांचे झाले की पावसाचा अंदाज पाहून रानात लावावे, ही आमच्या घरची पिढीजात विद्या. तिच्याच भरवशावर आम्ही पहिल्यांदा टोमॅटो केले आणि फसलो.

थोरल्या मुलीस पुढील जूनमध्ये बेळगावास कॉलेजात घालावयाचे होते. फीची तजवीज व्हावी म्हणून वीस गुंठ्यांत टोमॅटो लावण्याचे ठरविले. रोपे महिन्याची झाली आणि परतीचा पाऊस लागला. रानात पाय ठरेना. तंबाखूचे तरू थांबते तसे हेही थांबेल, अशा समजुतीने आम्ही निश्चिंत राहिलो. लावणीस अठ्ठेचाळीसावा दिवस उजाडला. रोपे उंच, काटकुळी झाली होती. काहींना तर वाफ्यावरच फुले आली होती. आम्हांस त्या फुलांचा आनंदच वाटला!

रोपे अर्ध्याच रानास पुरली. उरलेल्या अर्ध्यासाठी शेजारच्या तात्यांनी आपली सव्वीस दिवसांची, वीतभर रोपे दिली आणि म्हणाले, "टमाट्याचं तरू तंबाखूच्या हिशोबानं धरू नका. वाफ्यावर फूल आलं की त्याचं वाढायचं वय सरलं." आम्ही नुसते हसलो.

महिन्याभरात तात्यांची रोपे आमच्या रोपांच्या पुढे गेली. वाफ्यात वय झालेल्या रोपाचे खोड राठ होते. दाटीत गुंतलेल्या मुळ्या उपटताना तुटतात. आणि नव्या मातीत मुळी धरावयाची त्याच वेळी फळ पोसण्याचा भार त्यावर पडतो. आमच्या झाडांना चार फळे लवकर लागली खरी, परंतु झाडे तेथेच खुंटली.

तेव्हा आम्ही दुसरी चूक केली. त्या अर्ध्या रानास तीन वेळा युरिया टाकला. युरियात शेकडा 46 भाग नत्र. त्याने पाला काळाभोर झाला आणि फुले मात्र गळू लागली. राहिलेल्या फळांचे तळ काळे पडले. तो रोग समजून आम्ही फवारणीस निघालो होतो. वस्तुतः पाण्याच्या पाळ्या अनियमित झाल्या आणि नत्र फार झाले की फळास चुना पुरेसा पोचत नाही, त्याचे ते लक्षण. औषधाने ते जात नाही.

हंगामाअखेर हिशोब मांडला. मुलीची फी तात्यांच्या रोपांनी भरली. आमच्या रोपांनी खर्चही भरून दिला नाही.

आता आम्ही दहा दिवसांच्या अंतराने दोनदा बी टाकतो, म्हणजे पाऊस लांबला तरी एक वाफा वयात सापडतो. पंचवीस ते तीस दिवसांचे, चार-पाच पानांचे रोप सायंकाळी लावतो. आधी आठवडाभर पाणी कमी करून ते काटक करतो. रोप उंच झालेच, तर फुले व खालची पाने खुडून खोल लावतो; टोमॅटोच्या खोडास मातीत मुळ्या फुटतात. शेणखत पुरते कुजलेले घालतो. स्फुरद जमिनीत फारसे हलत नाही, म्हणून सुपर फॉस्फेट लावणीच्या वेळीच मुळीजवळ देतो. पोटॅश फळासाठी. नत्र अर्धे लावणीस आणि उरलेले तिसाव्या व पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास. मात्रा मात्र माती तपासूनच ठरवावी. आणि तंबाखू हाताळलेले हात साबणाने धुतल्यावाचून टोमॅटोच्या रोपास लावीत नाही. दोन्ही एकाच कुळातील, आणि तंबाखूचा केवडा हातावाटे टोमॅटोवर जातो.

वाढ मागे पडलेली दिसली की माणसाचा हात प्रथम खताच्या पोत्याकडे जातो. आमचाही गेला. परंतु वाफ्यावर निघून गेलेले दिवस कोणत्याही पोत्यात मिळत नाहीत, हे आम्ही दहा गुंठे रान गमावून शिकलो.